बाजारपेठेतील बंद दुकानांत चित्रप्रदर्शन: एका तयारीची हकिकत

रिकाम्या दुकानांत महिनाभर चित्रप्रदर्शन भरवावे, ही कल्पना आमच्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या वर्गात निघाली तेव्हा तिला कोणीही विरोध केला नाही. महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन दरवर्षी भरते. ते पाहायला आईवडील येतात, खालच्या वर्गांतील मुले येतात, निरोपाचे फोटो निघतात आणि चौथ्या दिवशी भिंती मोकळ्या होतात. नाटकासाठी हुतात्मा स्मृतिमंदिरात हौसेने जाणारा आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत तासन्‌तास फिरणारा सोलापूरकर चित्रे पाहायला मात्र मुद्दाम वाट वाकडी करत नाही, ही तक्रार आम्ही आमच्या सरांकडून आणि त्यांच्या सरांच्या आठवणींतूनही ऐकत आलो होतो. मग तो लुगडी, भांडी आणि शाळेचे गणवेश घ्यायला जिथे येतो तिथेच चित्रे न्यावीत, इतका साधा विचार यामागे होता. जागा कोठून आणायची, हा प्रश्न तेव्हा किरकोळ वाटत होता, कारण गावठाणातील पेठांतून चालताना बंद शटरे सगळ्यांनीच पाहिली होती.

म्हणून पहिले काम पाहणीचे. नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती आणि पुढे टिळक चौक, एवढ्या पट्ट्यात आम्ही गटागटाने फिरलो आणि बंद शटरांची वही केली. शटर खाली आहे एवढ्यावरून दुकान बंद पडले आहे असे म्हणता येत नाही. कोणाची सुट्टी असते, कोणी जागा गोदाम म्हणून वापरतो, कोणी फक्त संध्याकाळी उघडतो. तेव्हा काही खुणा ठरवल्या: शटर ज्या पन्हळीतून वरखाली होते तिच्यात साठलेला गंज, कुलपाच्या भोकातील धूळ, मागच्या निवडणुकीचे न फाटलेले स्टिकर, ओट्यावर दुसऱ्याच कोणी मांडलेले दुकान. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे समोरचा चहावाला, कारण कोणते दुकान कधीपासून बंद आहे आणि का बंद आहे, हे त्याला मालकाहून नीट सांगता येते. चाटी गल्लीच्या अलीकडे एका गंजलेल्या शटरकडे बोट दाखवून मी शेजारच्या होजिअरीवाल्या काकांना ते दुकान रिकामे आहे का असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “कुलूप हाय ते. रिकामं कुठं हाय? तीन भावांचं भांडण ठेवलंय की त्यात.”

काकांचे ते उत्तर पुढच्या सगळ्या तयारीला पुरून उरले. आमच्या वहीत ज्या जागा होत्या, त्यांतील बहुतेकांत कोणाचा ना कोणाचा हक्क, वाद किंवा आशा भरलेली होती. मुले पुण्याला स्थायिक झाली आहेत आणि वडिलांना दुकान विकवत नाही. वाटणीचा दावा कोर्टात आहे. भाडेकरू जुना आहे, भाडे चहाच्या खर्चाएवढे आहे, आणि तो जागा सोडतही नाही, चालवतही नाही. त्यामुळे ‘जागा पडूनच आहे, द्यायला काय हरकत’ हा युक्तिवाद आम्ही लवकरच टाकून दिला. जागा पडून ठेवण्यामागेही हिशेब असतो आणि तो समजून न घेता दारात जाणाऱ्याला पाणीही विचारले जात नाही.

हा हिशेब आम्हाला उलगडून सांगितला तो विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मैत्रिणीने. तिने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आमच्यापुढे ठेवला आणि त्यातील कलम १६ दोनदा वाचायला लावले. भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला, तर मालकाला ताबा मागण्याचा आधार मिळतो, हे आम्हाला ऐकून माहीत होते. पण ज्या कामासाठी जागा भाड्याने दिली त्या कामासाठी ती सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तरीही मालकाला दावा लावता येतो, हे नवे होते. म्हणजे ज्या भाडेकरूचे दुकान वर्षानुवर्षे बंद आहे, तो ‘माझे दुकान बंद आहे’ असे कधीच कोणाच्या कागदावर लिहून देणार नाही. आणि आमचे पत्र तर पहिल्याच ओळीत ‘आपले बंद असलेले दुकान’ असे म्हणत होते. ते पत्र आम्ही बदलले. नव्या मसुद्यात ‘आपल्या दुकानाची जागा’ एवढेच राहिले.

मालकांची भीती वेगळ्या बाजूची होती. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही, हा जुन्या पेठेतील घराघराचा अनुभव आहे आणि तो खोटा म्हणता येणार नाही. विद्यार्थी असलो तरी त्यांच्या लेखी आम्हीही ‘आत घेतलेली माणसे’ होतो. मुदत संपल्यावर, भाडेकरू नसलेल्या आणि नुसत्या वापराच्या परवान्यावर आत आलेल्या माणसाकडून जागा लवकर परत मिळवण्याची जी सोय या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे ती राहत्या जागेपुरती आहे, दुकानाला ती लागू नाही, हेही एका मालकानेच आम्हाला ऐकवले. ते स्वतः वकील नव्हते; अनुभवाने झाले होते.

याच सुमारास सरांनी आम्हाला न्यूकॅसलची हकिकत वाचायला दिली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातील हे बंदराचे गाव पोलादावर उभे राहिले आणि तेथील बीएचपी कंपनीचा पोलाद कारखाना १९९९ साली बंद झाला. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही बंद पडलेल्या कापडगिरण्यांची नावे ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मुलांना पुढचे फार समजावून सांगावे लागले नाही. गावाच्या मध्यवर्ती रस्त्यांवरील दुकाने ओस पडली, तेव्हा २००८ साली मार्कस वेस्टबरी यांनी ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही संस्था काढून त्या जागा कलाकार आणि कारागिरांना तात्पुरत्या मिळवून दिल्या. आम्हाला त्यातील चित्रांपेक्षा करारात अधिक रस होता. त्यांनी भाडेपट्टा घेतलाच नाही. तीस-तीस दिवसांनी पुढे सरकणारा वापराचा परवाना घेतला आणि मालकाला खरा भाडेकरू मिळाला की जागा सोडायची असे आधीच लिहून दिले. मालकाची भीती घालवण्यासाठी त्याच्यापुढे भाषण करण्यापेक्षा आपला हक्क आपणच कागदावर कमी करून घ्यावा, ही त्यातील युक्ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे याला जागा आहेच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार दिलेल्या परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही; तो केवळ वापरण्याची मुभा देतो. मात्र असा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला पाहिजे, असे भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. अकरा महिन्यांच्या आतील कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आम्ही भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा होता. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. तोंडी बोलण्यावर किल्ली द्यायला तयार असलेले एक उदार शेठ नोंदणीचे नाव काढताच गप्प झाले, कारण नोंदणी म्हणजे सरकारी कागदावर नाव आणि त्यातून पुढे कर, अशी साखळी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांचे दुकान आम्हाला मिळाले नाही. जागा सुरेख होती, दर्शनी दहा फूट आणि आत पंचवीस फूट खोल. पण तोंडी व्यवहारात आमच्याइतकेच तेही अडचणीत आले असते.

महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांचाही विचार झाला. हे गाळे लिलाव किंवा निविदा प्रक्रियेतून दिले जातात आणि महिनाभरासाठी विद्यार्थ्यांना जागा देणे हा एखाद्या टेबलावर सुटणारा प्रश्न नसतो, हे तेथील एका कर्मचाऱ्याने चहा पाजून समजावले, तेव्हा आम्ही तो मार्ग सोडला.

शेवटी तीन जागा हाती आल्या आणि तिघींची वाट निराळी होती. पहिली एका निवृत्त कापड व्यापाऱ्यांची, जागा स्वतःच्या मालकीची, वीज चालू, वाद काही नाही. आमच्या मैत्रिणीने तरीही नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक मागितले, आणि त्यावर व्यापाऱ्यांच्या नावाबरोबर त्यांच्या दिवंगत भावाचे नाव निघाले. मग वहिनींची आणि पुतण्याची सही घ्यावी लागली. वहिनींनी करार ऐकून घेतला आणि एकच अट घातली: दुकानात देवीचा जो फोटो आहे तो हलवायचा नाही. आमच्या मांडणीच्या आराखड्यात तेव्हापासून मागच्या भिंतीवर त्या फोटोची चौकट कायम धरलेली आहे.

दुसरी जागा एका शिंपीमामांची, आणि ते जुने भाडेकरू. गुडघ्यांमुळे त्यांनी येणे कमी केले होते. दुकान बहुतेक बंदच. कायद्याप्रमाणे त्यांना ती जागा आम्हाला देता येत नव्हती आणि आम्हालाही घेता येत नव्हती. तोडगा त्यांनीच सुचवला. दुकान त्यांचे, शटर ते उघडणार, यंत्रावर ते बसणार, फॉल-पिको आणि आल्टरची कामे घेणार. भिंती तेवढ्या आमच्या. भाडे नाही, करार नाही, फक्त घरमालकाचे ‘हरकत नाही’ असे पत्र, आणि ते मिळवायला मामा स्वतः आले. दुकान पुन्हा रोज उघडण्यात त्यांचाही फायदा होता, हे त्यांनी लपवले नाही. तिसऱ्या जागेचे मालक हैदराबादला राहतात. त्यांनी कुलमुखत्यारपत्र इथल्या भाच्याच्या नावे केले आणि कराराचा मसुदा व्हॉट्सॲपवर ओळ न्‌ ओळ तपासला.

करारावर आमच्यातर्फे सही कोणी करायची, यावर महाविद्यालयात बराच काळ गेला. वर्ग म्हणजे कायद्यापुढे कोणीच नाही. शेवटी प्राचार्यांनी संस्थेच्या वतीने सही करायची आणि विभागप्रमुख मॅडमनी जागेची जबाबदारी घ्यायची असे ठरले. मोबदला नाममात्र ठेवला. एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि शहरी हद्दीतील नोंदणीचे हजार रुपये, हा खर्च नोंदणी मालकाची जबाबदारी असली तरी आम्ही उचलला. मालकाने सांगितल्यापासून सात दिवसांत जागा मोकळी करायची, भिंतीला भोक पाडायचे नाही, विक्री करायची नाही, रात्री आत कोणी राहायचे नाही. आणि कुलपे दोन. शटरला दोन्ही बाजूंना कुलपाची सोय असतेच. डावे मालकाचे, उजवे आमचे. मालकाची किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे. त्यामुळे त्याला वगळून आम्हाला आत जाता येत नाही आणि जागेचा ताबा मालकाकडेच आहे हे रोज संध्याकाळी सगळ्या गल्लीला दिसते. दोन कुलपांची ही कल्पना मान्य झाल्यावर हैदराबादच्या मालकांनी उरलेली कलमे भराभर मंजूर केली.

यानंतर कुठे आम्ही चित्रांकडे वळलो, आणि तिथे जागेने आमचे बरेच मनसुबे बदलले. परदेशातील अशा प्रदर्शनांची छायाचित्रे पाहिली तर दुकानांना मोठ्या काचा असतात. दुकान बंद असले तरी रात्री दिवे लावून चित्रे दिसतात. आपल्या पेठेत काच नाही, शटर आहे. ते वर असले तर सगळे उघडे, खाली असले तर काहीच नाही. म्हणजे जितका वेळ दुकान उघडे, तितका वेळ आत माणूस हवा. शिवाय वर गुंडाळलेल्या शटरमधून वंगणाचे थेंब आणि गंजाचा चुरा पडत असतो, म्हणून दारापासून दोन फुटांत काही टांगायचे नाही असे ठरले.

ओटा ही दुसरी गोष्ट. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा, असे आम्ही शिकलो आहोत. पण पेठेतील दुकानाची फरशी रस्त्यापासून दोनेक फूट उंच असते आणि निम्मी माणसे आत न चढता रस्त्यावरूनच डोकावणार. त्यांच्या डोळ्यांची पातळी दुकानाच्या फरशीपासून नव्वद सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यामुळे मागच्या भिंतीवरील, रस्त्यावरून दिसणारी कामे खाली उतरवली आणि बाजूच्या भिंतींवरील, आत आल्यावरच दिसणारी नेहमीच्या उंचीवर ठेवली. एकाच खोलीत दोन उंचीची मांडणी आमच्या एका सरांना अजूनही पटलेली नाही. मला ती योग्य वाटते; जो आत चढणार नाही त्याला मान वर करूनच चित्र पाहावे लागावे, हे काही बरे नव्हे. चढणाऱ्यांसाठी लाकडी पायरी आणि धरायला एक कठडा सुताराकडून करून घेतला आहे.

भिंतींना चुन्याचे पोपडे, आणि खिळा मारायला मनाई. तेव्हा लाकडी पट्ट्यांच्या चौकटींवर मांजरपाट ताणून पडदे केले. कापडाच्या गावात कापड मिळवणे हा एकच भाग सोपा गेला. दहा फूट रुंदीच्या दुकानात दोन्ही भिंतींना पडदे लागले की बघणाऱ्याला मागे सरकायला सातेक फूट उरतात, म्हणून सहा-सहा फुटांचे कॅनव्हास आपोआप बाद झाले. काहींनी रुसवा धरला. परंतु या छाटणीमुळेच नवी कामे निघाली. एकीने आजोबांच्या कारखान्यातील जॅकार्डचे जुने पत्ते आणले. सोलापुरी चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोनाचौकोनाने भरली जाते आणि मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रे पाडून मागावर चढते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पत्ता, आणि जिथे छिद्र तिथला उभा धागा उचलला जातो. दोऱ्यांनी ओवलेल्या त्या पत्त्यांची लांबलचक माळ तिने छतापासून सोडायची ठरवली आहे. मागे दिवा ठेवला की छिद्रांतून नक्षी समोरच्या पडद्यावर पडते.

दुसरे काम पाट्यांचे. फ्लेक्स येण्याआधी या पेठेतील पाट्या हाताने रंगवल्या जात आणि त्या काळातील एक पेंटरकाका अजून ब्रश चालवतात. वाढदिवसाच्या ‘डिजिटल’ फलकांनी चौक झाकून टाकणाऱ्या शहरात त्यांना काम उरले नाही, याचा राग त्यांनी आमच्यापुढे मोकळेपणाने काढला, आणि मग मुलांना पत्र्यावर ऑइलपेंटची अक्षरे काढायला बसवले. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढले होते, हे सरांनी सांगितले तेव्हा काका म्हणाले, “मग? ब्रश तोच अस्तो.” तिन्ही दुकानांच्या नावाच्या पाट्या देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्यांत होत आहेत. देवनागरी अक्षरे इतरांपेक्षा लहान असू नयेत या राज्याच्या नियमाला धरून मापे घेतली आहेत. रस्त्यावर एकही फलक लावायचा नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. परवान्याचे हेलपाटे त्यामुळे वाचले, आणि खरे सांगायचे तर त्या गर्दीत आणखी एक फलक कोणी वाचलाही नसता.

विजेचा प्रश्न फक्त तिसऱ्या दुकानात होता, कारण थकबाकीमुळे तेथील मीटरच काढून नेलेला आहे. शेजाऱ्यांनी वायर टाकून देण्याची तयारी दाखवली. एकाच्या जोडणीवरून दुसऱ्या जागेला वीज देणे नियमात बसत नाही, म्हणून आम्ही नको म्हटले आणि बॅटरीचा हिशेब मांडला. दहा वॉटचे सहा दिवे म्हणजे साठ वॉट. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवर बॅटरीत कागदोपत्री अठराशे वॉट-तास असतात. निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधील घट धरायची, तरी बारा तास निघतात. रोज संध्याकाळचे चार तास धरले तर तीन दिवसांनी ती टेम्पोने महाविद्यालयात नेऊन चार्ज करायची. तिचे वजन पन्नास किलोंच्या वर असल्याने या कामाला स्वयंसेवक मात्र फारसे पुढे आले नाहीत.

तारखा ठरवताना दिवाळी आधीच वगळली, कारण त्या हंगामात बंद दुकानालाही चार पैसे देणारा गिऱ्हाईक मिळतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे सगळ्या गावाचे पाय होम मैदानाकडे वळतात. मार्चपासून ऊन आणि आमच्या परीक्षा. उरला फेब्रुवारी. वेळ संध्याकाळी पाच ते नऊ, प्रत्येक दुकानात दोघे, आणि त्यांतील एकाला तरी कन्नड किंवा तेलुगू येणारे असावे. पोलीस ठाण्याला माहितीचे पत्र दिले आहे, अग्निशामक नळकांडी भाड्याने मिळाली आहेत. विक्री करायची नाही, पण कोणी चित्र मागितले तर नाव लिहून ठेवायला वही असेल.

नुकताच हैदराबादहून फोन आला. आम्ही तिसरे दुकान झाडून, धुऊन, जाळी-जळमटे काढून ठेवले आणि शटरला तेल दिले, तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरू लागले असावे. मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढू पाहणाऱ्या एकाने भाच्याकडे चौकशी केली आणि त्यांचे ठरत आले आहे. मालकांना बोलताना संकोच वाटत होता. सात दिवसांचे कलम आम्हीच घातले होते, त्यामुळे वाद घालण्यासारखे काही नव्हते. फक्त नव्या माणसाला जागा गुढीपाडव्याला हवी आहे की त्याआधीच, एवढे त्यांनी विचारून कळवायचे कबूल केले आहे. आधी हवी असेल तर जॅकार्डच्या पत्त्यांची माळ शिंपीमामांच्या दुकानात हलवावी लागेल. तिथले छत दीड फुटाने बुटके आहे, म्हणून माळ करणाऱ्या मैत्रिणीने ती यंत्राच्या मागून वळवून आडवी नेता येईल का हे पाहण्यासाठी मामांकडून मापे मागवली आहेत. तसे झाले तर बॅटरी मात्र लागणार नाही.